आबाजीशेठची लॉरी आणि पहिलं औत

चौक, ता. ३ नोव्हेंबर १९४६

आक्का,

पाया पडतो. दाजींच्या पण पाया पडतो म्हणून सांग. चांगला वाकून पडलो असं सांग, कारण पुढं त्यांच्याकडंच काम हाय.

बातमी आनंदाची हाय, तेव्हा बसून ऐक. तुझा भाऊ लवकरच लॉरीवाला होणार! परवा आबाजीशेठनी मला खालापुरात वखारीवर बोलावलं. गवताच्या गाठींचा हिशेब विचारतील म्हणून मी घाबरत गेलो, तर शेठ म्हणाले, "बस धाकलू." गादीच्या अगदी कडेला का होईना, पण बसवलं. कपबशीतून चहा दिला. म्हणाले, "किती दिवस पगारावर घासणार? ती लढाईतली लॉरी भाडेपट्ट्यानं घे. मालकासारखी चालव."

अटी अगदी साध्या हायत. लॉरी त्यांची राहणार. दर महिन्याला मी भाडं द्यायचं. पेट्रोल माझं, टायर माझे, मोडतोड झाली तर ती पण माझी, म्हणजे कुणाची परवानगी मागत बसायला नको. माल फक्त शेठच्या वखारीचा न्यायचा, म्हणजे गिर्‍हाईक शोधायची कटकट मिटली. वाहतुकीचा दर पण शेठच ठरवणार. तीन वर्षं नीट भाडं दिलं की लॉरी माझ्या नावावर करण्याचं "बघू" म्हणालेत. शेठ उगाच बघणार्‍यातले नायत, देतीलच.

फक्त अनामत भरायला पाहिजे, आणि ती भरण्याएवढं माझ्याकडं काय नाय. तुमच्याकडं चांद्या न् वजीर हायत. कशेळ्याच्या बाजारात त्या जोडीला लोक थांबून बघतात. शेती काय, भाड्याच्या बैलांनी पण होते. तू दाजींना समजाव. जेवण झाल्यावर समजाव, आधी नको.

तुझा धाकलू


कशेळे, ता. ९ नोव्हेंबर १९४६

धाकलू,

पत्र पावलं. मास्तरांनी वाचून दाखवलं, पुन्ना एकदा वाचायला लावलं, तरी मला उमजंना. म्हणून विचारते.

(बाई सांगतात तसेच लिहीत आहे. भाषेची जबाबदारी माझी नाही. — मास्तर)

आमी पण कधीकाळी बैल भाड्यानं आणलेत रं. बैल भाड्यानं आणला की वैरण आपली, ते बरोबर. पण बैल लंगडला तर मालक धावत येतो, औषध करतो, नायतर दुसरा देतो. हितं लंगडला तरी तूच निस्तरायचा? आणि बैल आणून माणूस आपलं शेत नांगरतो. तू शेठचा बैल आणणार, शेठचंच शेत नांगरणार, आणि वर शेठलाच भाडं देणार? मंग तुझ्या पदरात काय, शेण?

(हा शब्द मी बदलून "खत" सुचवला होता. बाईंनी ऐकले नाही.)

ती लॉरी कशी हाय ते पण तू लिहिलं नाय. वय काय, खोड काय, बसते का, मारकी हाय का? आपला बा बैल घेताना त्याच्या तोंडात हात घालून दात बघायचा. तू नुसता चहा पिऊन आलास.

दाजी काय बोलले नाय. मास्तरांचं वाचून झालं तसे उठले न् गोठ्यात गेले.

जेवत जा वेळेवर.

गौरा


चौक, ता. १४ नोव्हेंबर १९४६

आक्का,

लॉरी म्हणजे बैल नाय! हे मास्तरांना मोठ्यानं वाचायला सांग.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नायतर सांगायची गरज नव्हती. गाडी दणकट हाय. मिलिटरीतून लिलावात आली, बर्मा बघून आलेली हाय. बसते का म्हणशील तर उगाच बसत नाय. उतारावर हात लावताच चालू होते, म्हणून मी ती उतारावरच उभी करतो. चौकात उतार हाय, खोपोलीत हाय, पनवेलला पण एक बरा सापडलाय. सपाटीवर थोडी ढकलावी लागते, पण चौकातली मंडळी आपणहून येतात, त्यांना सवय झालीय. ब्रेक हाय, पण त्याला आधीपासून सांगावं लागतं. हॉर्न कुणी सोजिरानं काढून नेला, तर मी स्वतः ओरडतो. पुढची काच नाय, त्यामुळं उन्हाळ्यात फार बरं वाटतं. ह्यात वाईट काय हाय ते तूच सांग.

मला ठाऊक हाय अडतंय कुठं. दाजींना बैलांच्या पुढं माणूस दिसत नाय. मी लग्नात त्यांचा जोडा लपवला होता, तेव्हा पण ते माझ्याशी न बोलता वासराशी बोलत बसले होते. बैलाच्या पायात काटा गेला तर रात्रभर जागतील. मेव्हण्याचं आयुष्य जातंय, त्याचं काय नाय.

आक्का, राग नको येऊ देऊ. घाटात गाडी थांबवली की लोक विचारतात, कुणाची रं गाडी? मी रोज म्हणतो, शेठची. एकदा, फक्त एकदा मला म्हणायचंय, माझी. मग भले ती तिथंच बंद पडू दे.

धाकलू


कशेळे, ता. २० नोव्हेंबर १९४६

धाकलू,

तुझं पत्र ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं. मंग हसायला पण आलं. ब्रेकला आधीपासून सांगावं लागतं म्हणे!

(मलाही हसू आवरले नाही. क्षमस्व.)

मी नाय म्हणत नाय. पण घ्यायची तर आपल्या रीतीनं घे. आपल्या घरात काय रीत हाय ती विसरलास का? बैल भाड्यानं घरी आला की पहिलं औत मालकाचं. मालकानं स्वतः येऊन जू ठेवायचं, आपल्या शेतात जेवणवेळेपर्यंत नांगरायचं, न् आपण बांधावर बसून बघायचं. बैल खोडीचा असला तर मालकाच्या तोंडावर दिसतं. मंग त्याला आपल्या घरी जेवायला घालायचं, आणि जेवताना अटी बोलायच्या, कारण तोंडात घास असला की माणूस खोटं कमी बोलतो.

(ही रीत यांच्याच घराण्यात पाहिली. शेवटच्या वाक्याला मात्र माझा अनुभव दुजोरा देतो.)

तवा शेठना सांग, भरलेली लॉरी घेऊन चौकापासून कशेळ्यापर्यंत या. त्यांना चालवता येत नसंल तर तू चालव, पण ते शेजारी बसले पायजेत, न् ढकलायची वेळ आली तर त्यांनी पण खांदा लावला पायजे. जेवण मी करते. एवढं झालं न् शेठचं तोंड सरळ र्‍हायलं, तर बैलांचं मी बघते.

दाजी अजून काय बोलले नाय.

गौरा


चौक, ता. २४ नोव्हेंबर १९४६

आक्का,

शेठना भीत भीत सांगितलं. आधी ते इतके हसले की मुनीम पाणी घेऊन आला. मग म्हणाले, अनामत मिळणार असेल तर कशेळ्याला जाऊन जेवून यायला माझं काय जातं! बुधवारी येतोय. गवताच्या गाठी भरून येतोय, पार वरपर्यंत. शेठ म्हणतात कोंबडी गावठी पाहिजे, न् रस्सा झणझणीत.

रस्ता चांगला हाय. तू काय काळजी करू नको. फक्त तुमच्या दारात उतार हाय ना?

धाकलू


खालापूर, ता. २ डिसेंबर १९४६

सौ. गौराबाई यांस, आबाजी यांचा नमस्कार.

बुधवारी आपल्या घरचे जेवण फार उत्तम झाले, हे प्रथम नमूद करतो. दुसर्‍यांदा भाकरी वाढताना आपण मला विचारले नाही, तेही योग्यच केले.

जेवणापूर्वी जे घडले त्याबद्दल आपण अंगणात सर्वांसमोर हसलात. आपणांस पूर्ण हकीकत ठाऊक नव्हती, म्हणून राग धरीत नाही. चौकाबाहेर पडताच पुढच्या वार्‍याने माझे पागोटे उडाले. ते घेण्यासाठी थांबा म्हटले, तर आपले बंधू म्हणाले, ब्रेकला आता सांगितले तर पुढच्या वळणावर थांबेल. पुढच्या वळणावर चष्माही गेला, म्हणून हे पत्र मुनीमाकडून लिहवीत आहे. कर्जतमध्ये हॉर्नऐवजी ते ओरडू लागले आणि त्यांचा घसा बसल्यावर मला ओरडावे लागले. बाजारातील ओळखीच्या व्यापार्‍यांनी मला त्या अवस्थेत पाहिले.

कडावच्या अलीकडे गाडी बसली. तिथे उतार नाही. मी खाली उतरून खांदा लावला, कारण रीत पाळीन असे कबूल केले होते. गाडी हलली नाही. मग आपले बंधू कशेळ्याकडे धावले आणि दुपारी आपले यजमान बैलजोडी घेऊन आले. औताचे बैल पाठीमागून हाकल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, असे म्हणून पोपटराव थेट ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसले. काच नसल्याने त्यांचा आवाज बैलांपर्यंत उत्तम पोचत होता, चाकही तेच फिरवीत होते. माझा ड्रायव्हर दोर सांभाळीत पुढे आणि मी मागे, ढकलायला. गावोगावच्या गाई मागून येऊन गाठींतले गवत ओढून खात होत्या. मी त्यांच्या मधे होतो. आपल्या दारी पोचलो तेव्हा माल निम्माही उरला नव्हता. आपण ओवाळलेत ते बैलांना, मला नाही, हेही मी पाहिले.

असो. मूळ मुद्दा असा की, ती जोडी विलक्षण आहे. माझ्या आणखी दोन लॉर्‍या खोपोलीच्या घाटात वरचेवर बसतात. चांद्या आणि वजीर मला भाड्याने द्यावेत. घाटाखाली ठेवीन. आपल्या अटी कळवाव्यात.

आबाजी


कशेळे, ता. ७ डिसेंबर १९४६

आबाजीशेठना गौराचा नमस्कार.

शेठ, तुमी हौसेनं जेवलात, बरं वाटलं. हसले त्याचं मनावर घेऊ नका, तुमच्या धोतरावरचं गवत खायला ती कपिला तुमच्या मागं स्वयंपाकघरापर्यंत आली, मंग कोण हसणार नाय?

जोडी भाड्यानं द्यायला माझी ना नाय. अटी अगदी साध्या हायत. बैल आमचे राहणार. दर महिन्याला तुमी भाडं द्यायचं. वैरण तुमची, पेंड तुमची, नाल तुमचे. आजारी पडले तर औषध पण तुमचं, म्हणजे कुणाची परवानगी मागत बसायला नको. बैलांनी कामं मात्र फक्त आमच्या शेतातली करायची, म्हणजे तुमाला काम शोधायची कटकट नाय. नांगरणीचा दर आमी ठरवू. आधी अनामत भरा. तीन वर्षं नीट भाडं दिलंत की जोडी तुमच्या नावावर करायचं आमी बघू.

(अटी बाईंनी एका दमात सांगितल्या. मी एकही शब्द घातलेला नाही, हे शपथेवर. — मास्तर)

गौरा


चौक, ता. १२ डिसेंबर १९४६

आक्का,

अगं काय केलंस हे! बस, सांगतो.

शेठचा नवा चष्मा अजून पनवेलहून आला नाय. तुझं पत्र आलं तेव्हा वखारीवर मुनीम होता, कर्जतचे दोन व्यापारी होते, न् मी गाठी मोजत होतो. शेठ म्हणाले, "धाकलू, तुझ्याच बहिणीचं हाय, मोठ्यानं वाच." मी वाचायला लागलो. मला ठाऊक नव्हतं पुढं काय हाय! "औषध पण तुमचं" इथपर्यंत आलो न् माझी जीभ अडखळायला लागली. शेठ म्हणाले, वाच, वाच. वाचलं. शेठ ताडकन उठले न् ओरडले, "असल्या अटी कुठला शहाणा माणूस मान्य करील?"

मुनीम खोकला. व्यापारी छताकडं बघायला लागले. मी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. शेठ माझ्याकडं बघत राहिले, न् मला वाटलं, गेली नोकरी. मग हळूच गादीवर बसले न् म्हणाले, "चहा सांग रे. कपबशीतून सांग."

आक्का, भाडेपट्टा नवा लिहिला. अनामत नाय. इंजिनाची दुरुस्ती शेठची. माझ्या मनाला येईल त्याचा माल मी न्यायचा, शेठचा पण, पण दर ठरवून. नाय जमलं तर वर्षानं गाडी परत, कुणाचं कुणाला देणं नाय. आणि काच बसवून देणार, ती शेठनी स्वतःहूनच लिहायला लावली.

पण अनामत नाय तर जामीन पाहिजे म्हणाले. शेतीवाला, भरवशाचा, सही करणारा. तेवीस तारखेच्या सोमवारपर्यंत. माझ्या ओळखीत असा एकच माणूस हाय, न् त्याला मी मागं एका पत्रात काय काय बोललो ते तुला ठाऊकच हाय. आता कुठल्या तोंडानं विचारू? मनासारखं झालं तेव्हाच भ्या वाटायला लागलंय. तूच सांग, घेऊ का नको?

धाकलू


कशेळे, ता. १५ डिसेंबर १९४६

धाकलू,

घे का नको ते मी सांगणार नाय. गाडी तू हाकणार, मी नाय. पण एक गोष्ट तुझ्यापासून दडवली ती सांगते.

तुझं पहिलं पत्र वाचलं, न् दाजी उठून गोठ्यात गेले असं मी लिहिलं. ते खरं हाय. पण थोड्या वेळानं ते परत आले न् मला म्हणाले, "इकून टाकू. पोराचं मन मोडू नको." मीच नाय म्हणाले. मीच भांडले. आठ दिवस ते माझ्यापाशी तुझी बाजू मांडत होते, जन्मात बोलले नसतील तेवढं बोलले. मी तुला सांगितलं नाय, कारण सांगितलं असतं तर तू दुसर्‍या दिवशी दारात येऊन बैल घेऊन गेला असतास. आणि तू त्यांना काय काय लिहिलंस! ते सगळं त्यांनी ऐकलं, न् म्हणाले, खरंच हाय की, जोडा लपवला तवा मी वासराशीच बोललो.

आता दुसरं. त्या बुधवारपासून हा माणूस ठिकाणावर नाय. जेवायला बसला की ताट धरतो न् डावीकडं फिरवतो, मंग उजवीकडं फिरवतो. काल भात सगळा जमिनीवर. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाले, वळण होतं.

(हे मी स्वतः पाहिले. ताट माझ्या अंगावरूनही वळले.)

तूच काय ते बघ.

गौरा


कशेळे, ता. १५ डिसेंबर

धाकलू,

हे मी लिहितोय. मास्तर नाय. शाळेत दोन बुकं झाली होती, त्यातलं उरलंय तेवढ्यावर लिहितो.

जामीन राहतो. सही येते मला.

त्या दिवशी चाक हातात होतं न् पुढं माझे बैल. मी डावीकडं वळवलं तर एवढं मोठं लोखंड डावीकडं वळलं. उभ्या आयुष्यात औताचा बैल पण माझं एवढं मुकाट्यानं ऐकत नाय. दार आलं तवा मला उतरायचं नव्हतं. गौरा ओवाळायला उभी होती म्हणून उतरलो.

भात झोडून झालंय. आता मला जेठापर्यंत काम नाय. सोमवारी चौकात येतो, सही करतो, न् तुझ्या शेजारी बसतो. मला शिकव. कुणी विचारलं गाडी कुणाची, तर तूच सांग. मी काय बोलणार नाय.

गौराला सांगितलं. ती म्हणाली, जा, पण बैलांना तुमचं तुमी सांगा, मी नाय सांगणार. मंग गोठ्यात जाऊन सांगितलं. वजीरला काय वाटलं नाय. चांद्यानं मान फिरवली न् पेंड पण खाल्ली नाय. त्याच्यापाशी बसलोय आता. सोमवारपर्यंत समजूत निघंल.

पोपट